संभाजीनगर, नवरात्र आणि उपवासाचा एक कागद

वर्षा साळवेचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात जुनी नियतकालिकं बांधणीला वेगळी काढत होते. वर्षा आणि मी काही वर्षं नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात बरोबर होतो. ती शिकवायची, मी ग्रंथालय सांभाळायचे. मी अजून तिथेच आहे. ती छत्रपती संभाजीनगरला एका खासगी रुग्णालयात परिचारिकांच्या प्रशिक्षणाचं काम बघते. म्हणाली, आमच्याकडे सगळे एआयला विचारून कामं करायला लागलेत. सिस्टर सुट्टीचे अर्ज लिहून घेतात, डॉक्टर रुग्णांसाठी माहितीपत्रकं काढतात. कुणी काही तपासत नाही. तू दोन दिवस येऊन शिकव.

मी म्हटलं, मला एआय कुठे येतं? मला संदर्भ तपासायला येतात.

"तेच शिकव," ती म्हणाली.

मी संभाजीनगर शेवटचं पाहिलं ते लग्नाआधी, कॉलेजच्या सहलीत. त्यातलं वेरूळ आठवत होतं आणि बसमधल्या गाण्याच्या भेंड्या. तेव्हा दोन दिवस काम, एक दिवस वेरूळ असा बेत ठरवून रजा टाकली. नवरा म्हणाला, नवरात्रात कशाला, गर्दी असेल. गर्दी होती. पण नवरात्र नसतं तर हे लिहायला कारणही मिळालं नसतं.

नाशिक रोडहून सकाळच्या गाडीने निघालात की दुपारी जेवायच्या वेळेला तुम्ही संभाजीनगरला असता. बसायच्या डब्याचं आरक्षण दोनशेच्या आत मिळतं आणि दिवसाच्या प्रवासाला तेवढं पुरतं. मनमाड सुटल्यावर डाव्या-उजव्या खिडकीचा वाद न घालता जिथून अंकाई-टंकाईचे किल्ले दिसतील तिकडे सरकून बसा. पावसाळा नुकताच संपल्यामुळे पुढे रोटेगाव, लासूरपर्यंत कपाशी आणि मका हिरवीगार होती. आमच्या डब्यात एक काकू अख्ख्या प्रवासात उपवासाचं खात होत्या. केळी झाली, राजगिऱ्याचे लाडू झाले, वेफर्स झाले. मलाही लाडू दिला. मी उपवास करत नाही हे सांगितल्यावर त्यांनी आणखी एक दिला.

स्टेशनवरून पुंडलिकनगरला रिक्षावाल्याने आधी दोनशे मागितले, दीडशेला आला. वर्षाचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली पुस्तकांचं कपाट, आणि टेबलावर शेजारणीने पाठवलेली भगर आणि शेंगदाण्याची आमटी. तिच्याकडे घट बसत नाहीत, उपवासही नसतात. पण नऊ दिवस ह्या मजल्यावर माझा स्वयंपाक अर्ध्यावर येतो, असं ती हसत सांगत होती. संध्याकाळी गच्चीत चहा घेत आम्ही दोन दिवसांची आखणी केली. तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की एआयच्या मदतीने कामासाठी केलेली एखादी गोष्ट घेऊन या. पत्रक, सूचना, भाषांतर, काहीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या सभागृहात तीसेक जण होते. बहुतेक परिचारिका, थोडे डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट, आणि फरहीन नावाची आहारतज्ज्ञ. मी एआयबद्दल फार कमी बोलले. ग्रंथालयात नव्या मुलींना जे शिकवते तेच सांगितलं. कुठलीही माहिती हातात आली की चार प्रश्न विचारायचे. कोण म्हणतंय, कशावरून म्हणतंय, कधीचं आहे, आणि कोणासाठी लिहिलंय. पुस्तकाला हे विचारायचो, वेबसाइटला विचारायचो, आता ह्यालाही विचारायचे. फरक एवढाच की पुस्तकाच्या मागे लेखकाचं नाव असतं. हे यंत्र मात्र कोण बोलतंय ते कळू न देता छान बोलतं. संदर्भ मागितला तर देतंसुद्धा. तो खरा आहे की नाही ते आपण जाऊन बघायचं.

मागच्या रांगेतल्या एका सिस्टरने विचारलं, वॉर्डात एवढा वेळ कुठे असतो? प्रश्न खरा होता. मी म्हटलं, प्रत्येक गोष्टीला नसतो. पण जी रुग्णाच्या हातात जाणार तिला काढावा लागेल.

मग गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकेक कागद दिला. डॉ. काळे म्हणून तिथले फिजिशियन आहेत, पंचेचाळिशीचे, बोलायला मोकळे. त्यांनी आपणहून स्वतःचं पत्रक पुढे केलं. मधुमेह असलेल्यांनी नवरात्राच्या उपवासात काय काळजी घ्यावी याचं. एआयकडून करून घेतलं होतं, आणि घटस्थापनेच्या आधीपासून ओपीडीत वाटत होते. एका पानाचं, मोठ्या अक्षरात, सुंदर मराठीत. खाली एका वैद्यकीय नियतकालिकाचा संदर्भ आणि त्याखाली डॉक्टरांचं नाव. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. त्यातलं एक वाक्य होतं: उपवासाच्या काळात साखर कमी होण्याचा धोका असल्याने सकाळची गोळी किंवा इन्सुलिन निम्म्या प्रमाणात घ्यावे.

तो कागद फरहीनच्या गटाकडे गेला. इतर गटांत हसणं-बोलणं चालू होतं. कुणाच्या तरी भाषांतरात 'जखम कोरडी ठेवा'चं 'जखम वाळवा' झालं होतं. फरहीन मात्र मोबाईलवर काहीतरी शोधत होती. थोड्या वेळाने ती कागद घेऊन सरळ डॉ. काळ्यांकडे गेली. मी जवळच उभी होते.

"सर, ये तो रोजे का हिसाब है," ती हळू आवाजात म्हणाली. मग मराठीत समजावून सांगितलं. रमजानमध्ये दिवसभर पाणीसुद्धा घेत नाहीत, म्हणून पहाटेचा डोस कमी करायला सांगतात. दरवर्षी ती स्वतः तिच्या रुग्णांना हे समजावते, म्हणून वाक्य ओळखीचं वाटलं. नवरात्रात लोक साबुदाणा खातात, बटाटा खातात, रताळं खातात. त्यांची साखर वाढते. त्यात डोस निम्मा केला तर?

मी संदर्भ उघडून पाहिला. नियतकालिक खरं होतं. त्या अंकात तसा लेख नव्हता. आजूबाजूच्या अंकांतही नव्हता. त्या नावाचा लेख कुठेच नव्हता.

म्हणजे नेमकं काय झालं असावं याचा अंदाज आम्ही नंतर बांधला. उपासावरचं बरंचसं इंग्रजी वैद्यकीय लिखाण रोजांवरचं आहे, नाहीतर काहीही न खाता राहण्याबद्दलचं. यंत्राने त्यालाच उपवास हा शब्द लावला. मराठी घरात उपवास या एका शब्दात किती प्रकार बसतात ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही आपल्याला विचारलं नाही. कुणी एकवेळ जेवतं, कुणी दूध-फळांवर असतं, कुणी नुसत्या लवंगेवर नऊ दिवस काढतं, आणि बहुतेक जण एरवीपेक्षा जड खातात.

डॉ. काळे आधी म्हणाले की ही सर्वसाधारण सूचना आहे, शेवटी लोक विचारूनच घेतात. पण बोलता बोलता त्यांचाच आवाज खाली गेला. ते खुर्चीत बसले आणि कागद पुन्हा वाचला. मला वाटलं होतं ते म्हणतील, घाईत वाचायचा राहिला. ते तसं म्हणाले नाहीत.

"मी वाचला होता," ते म्हणाले. "दोनदा वाचला. चांगला वाटला म्हणून खाली नाव घातलं."

जेवणाच्या सुट्टीत कुणी जेवलं नाही असं नाही, पण वर्षा, फरहीन आणि डॉ. काळे ओपीडीतून ज्यांना पत्रक दिलं होतं त्यांचे नंबर काढून फोन करत बसले. बऱ्याच जणांनी कागद वाचलाच नव्हता. मी आयुष्यभर लोकांनी वाचावं म्हणून नोकरी केली, आणि त्या दुपारी लोक वाचत नाहीत हे ऐकून मला पहिल्यांदाच हायसं वाटलं. काहींनी वाचून गोळी निम्मी केली होती, त्यांना पूर्वीसारखी घ्या आणि उद्या साखर तपासायला या म्हणून सांगितलं. बाकी सगळे मिळाले. एक मात्र मिळेना. सुमनबाई म्हणून साठीच्या पुढच्या बाई, इन्सुलिन घेणाऱ्या. फोन बंद. डॉक्टरांना एवढं आठवत होतं की त्यांच्या मुलाचं गुलमंडीत साडीला फॉल-पिको करायचं दुकान आहे.

संध्याकाळी वर्षा मला गुलमंडीलाच नेणार होती, हिमरू शाल बघायला आणि इमरती खायला. डॉ. काळे म्हणाले, मी पण येतो. वर्षाने वॉर्डातून साखर तपासायचं यंत्र पर्समध्ये टाकलं.

गुलमंडीला गाडी नेऊ नका. पैठण गेटपाशी कुठेतरी लावा आणि चालत सुटा. नवरात्रात तर चालणंही खांद्याला खांदा लावून. दुकानांबाहेर घागरे लटकलेले, बांगड्यांचे ढीग, फुटपाथवर घटाच्या परड्या आणि झेंडूच्या माळा. कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेहून परतणाऱ्या बायका कपाळभर मळवट भरून, मुलांना पिपाण्या घेऊन देत चालल्या होत्या. एरवी मी प्रत्येक दुकानाशी थांबले असते. त्या दिवशी आम्ही फक्त फॉल-पिकोच्या पाट्या वाचत होतो. तिसऱ्या दुकानात एकाने हात करून सांगितलं, "सुमनकाकूचं? वो क्या, मंदिराच्या बाजूच्या बोळात. पोरगा बसलेला असंल."

मुलगा मशीनवर होता. डॉक्टरांना ओळखून उठून उभा राहिला. आईचा फोन पाण्यात पडला होता, त्याला दुरुस्तीला न्यायला सवड झाली नव्हती. आई वरच आहे म्हणाला, दोन दिवस नुसती पडून असते, उपवासाचा थकवा आहे. दुकानाच्या मागून एक अरुंद जिना वर जात होता.

सुमनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी घट बसलेला, अखंड दिवा, आणि हाताशी पाण्याचा तांब्या. ओठ सुकलेले. डॉक्टरांना बघून डोक्यावरून पदर घेतला आणि उठायला गेल्या, पण उठता येईना. वर्षाने बोलता बोलता त्यांचं बोट हातात घेतलं आणि थेंबभर रक्त यंत्राला लावलं. लई तहान लागती, त्या सांगत होत्या, रात्रीतून सारखं उठावं लागतं, डोळ्यापुढं धुरकट दिसतं. पण देवीचं करायचं म्हणजे एवढं व्हायचंच. खाण्याचं विचारलं तर सकाळी साबुदाणा, दुपारी भगर, संध्याकाळी केळं आणि दूध, मधे शेंगदाण्याचा लाडू. आणि सुई निम्मी, कागदात सांगितल्याप्रमाणं.

यंत्रावर भलताच मोठा आकडा आला. वर्षाने ते डॉक्टरांसमोर धरलं. डॉक्टर मुलाला म्हणाले, आता निघायचं, दवाखान्यात.

सुमनबाई दिवा सोडून यायला तयार होईनात. दिवा विझला तर काय. मुलगा म्हणाला, मी बघतो. त्यांना ते पटेना, त्याला दुकान असतं. शेवटी शेजारच्या खोलीतल्या बाईने येऊन तेल घालायची जबाबदारी घेतली. मग त्या उठल्या. जिना इतका अरुंद की डॉ. काळे पुढे उलटे उतरत होते, त्यांचे दोन्ही हात धरून. एवढ्या गर्दीतून त्यांना पैठण गेटपर्यंत नेणं अवघड झालं असतं. पण मुलाने एक रिक्षावाला गाठला आणि त्याने हॉर्न वाजवत, ओरडत, लोकांना बाजूला करत आम्हाला बाहेर काढलं. इमरती आणि शाल दोन्ही राहिलं. जाणाऱ्यांनी चुकवू नये एवढंच सांगते.

सलाइन आणि इन्सुलिनवर सुमनबाई त्या रात्री सावरल्या. वेळेत आलात, असं ड्युटीवरच्या डॉक्टरने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधी मी आणि वर्षा वॉर्डात गेलो. डॉ. काळे आधीच तिथे होते. सुमनबाई उशीला टेकून चहा पीत होत्या, बिनसाखरेचा. मुलगा दुकान उघडायला गेलेला. डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली आणि त्यांना सगळं सांगितलं. हा त्रास उपवासाने झाला नाही, कागदातलं वाक्य चुकीचं होतं त्याने झाला. कागद कॉम्प्युटरकडून लिहून घेतला होता, त्याने चूक केली, मला ती दिसली नाही. ते मराठी शोधत शोधत बोलत होते, जणू परक्या भाषेत बोलत असावेत.

सुमनबाईंनी कप खाली ठेवला.

"मशीननं लिवला म्हणता," त्या म्हणाल्या. "पण खाली नाव तुमचं व्हतं ना? मला लई वाचता येत नाय. तुमचं नाव तेवढं म्या वाचलं. बाकीचं पोरानं वाचून दावलं."

"व्हय मावशी," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या तोंडून ते व्हय अगदी सहज आलं, गावाकडचं.

"मोबाइलवर तर रोजच काय काय येतं. ते कुठं आम्ही ऐकतो."

त्यांनी हे रागावून म्हटलं नाही. त्या फक्त झालं कसं ते सांगत होत्या. मग त्यांनी विचारलं की घरी कधी सोडणार, अष्टमीच्या आत गेलं पाहिजे. डॉक्टरांनी सोडतो म्हणून कबूल केलं.

दुसऱ्या दिवसाच्या वर्गासाठी मी बरंच काही तयार करून आणलं होतं. त्यातलं फारसं झालं नाही. सुरुवातीलाच डॉ. काळे उभे राहिले आणि आदल्या संध्याकाळी काय घडलं ते सगळ्यांना सांगितलं, स्वतःच्या पत्रकासकट. वर्षाने नंतर मला सांगितलं की हे वर्गात बोलायलाच हवं का, असं त्यांना वरून विचारलं गेलं होतं. त्यांनी उत्तर दिलं, इथे नाही बोललो तर पुढचा कागद कोण आणून दाखवेल?

त्यानंतर खरंच लोकांनी आपापले कागद काढले, आदल्या दिवशी दडवून ठेवलेले. एका सिस्टरने बाळंतिणीच्या आहाराचं पत्रक काढलं, फिजिओथेरपिस्टने गुडघ्याच्या व्यायामाचं. दिवसभर आम्ही एकेक वाक्य घेऊन बसलो. सगळं चुकीचं नव्हतं. बरंचसं बरोबर होतं, काही तर आमच्यापैकी कुणी लिहिलं असतं त्याहून सोपं. पण कुठलं बरोबर ते नुसतं वाचून कळत नव्हतं. प्रत्येक वेळी उठून मूळ ठिकाणी जावं लागत होतं. फरहीनने एक युक्ती काढली. पत्रकातला मुख्य शब्द घ्यायचा आणि आधी रुग्णालाच विचारायचं, तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात, त्यात काय काय येतं. मी माझ्या चार प्रश्नांतला 'कोणासाठी' हा प्रश्न नेहमी सगळ्यात शेवटी आणि घाईने शिकवत आले. त्या दिवशी तो पहिला झाला.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे आधी बघून ठेवा. आम्ही बुधवारी गेलो. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते, शेअर जीपही मिळतात. दौलताबादवरून खुलताबादचा घाट चढला की हवा बदलते. तिकीट मी गेले तेव्हा चाळीस रुपये होतं. लोक उतरल्या उतरल्या कैलास लेण्याकडे धावतात, वर्षाने मला आधी उजवीकडे, बौद्ध लेण्यांकडे नेलं. दहाव्या लेण्यात छताला दगडाच्या कमानदार फासळ्या आहेत, लाकडी वाशांसारख्या. त्या कसलंही वजन पेलत नाहीत. लाकडी छपराची सवय असलेल्या डोळ्यांना घर वाटावं म्हणून कोरल्या आहेत. पुढे मोठी बुद्धमूर्ती, पाय खाली सोडून बसलेली, शिकवताना.

वर्षा तिथेच बसली. मग म्हणाली, माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. गावातल्या कुणाकडे काही वाचून घ्यायचं असलं की ती आधी बघायची, हा माणूस कसा आहे. कागदाचं नंतर. मी म्हटलं, मग आपण दोन दिवस शिकवलं ते उलटंच म्हणायचं का? उलटं नाही, ती म्हणाली. आजीला कागद तपासता येत नव्हता, म्हणून ती माणूस तपासायची. आमच्या रुग्णांना अजून तेच करावं लागतं. आपण कागद तपासायचा तो त्यांच्यावतीने.

बाहेर आलो तेव्हा शाळेची सहल आली होती आणि कैलासाच्या अंगणात पोरं एकमेकांना हत्ती दाखवत होती. आम्ही दोन तास फिरलो, फाट्यावर पिठलं-भाकरी खाल्ली, भरपूर ठेचा घालून. तिथून वर्षा शहराकडे गेली आणि मी वैजापूर-येवल्यावरून नाशिकची एसटी पकडली. ही बस रेल्वेपेक्षा वेळ खाते, कंबरही दुखते. पण घाट उतरून पुन्हा शहरात जायला नको.

घरी येऊन आता महिना होऊन गेला. सुमनबाई अष्टमीच्या आधी घरी गेल्या. परवा डॉ. काळ्यांचा फोन आला, नव्या पत्रकाचा मसुदा बघाल का म्हणून. फरहीनबरोबर बसून, ओपीडीत आलेल्यांना कोण कसला उपवास करतं ते विचारून त्यांनी तो केला आहे. एआयची मदत घेतलीच, लपवत नाही, म्हणाले. पण आता ते आधी माणसांना विचारतात, मग त्याला.

सुमनबाई तपासणीला आल्या तेव्हाचंही त्यांनी फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी हा नवा कागद सुमनबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो परत केला आणि म्हणाल्या, तुम्हीच वाचून दावा. बाहेर रांग होती. डॉक्टरांनी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. स्वतः बसून केलेलं, तीनदा तपासलेलं. अर्ध्यावर एका वाक्याशी ते अडखळले, पुन्हा वाचलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की ते वाक्य सुमनबाईंना सांगताना आपण असं कधीच म्हणणार नाही. त्यांनी पेन काढून ते तिथेच खोडलं आणि पुढे वाचत राहिले.

कागद माझ्याकडे आला आहे. ते वाक्य अजून खोडलेलंच आहे. आज संध्याकाळी ग्रंथालय बंद झाल्यावर मी तो मोठ्याने वाचणार आहे.